चुकीच्या गळ्यातला हार

गणपती उठले की आमच्या मळ्यातला झेंडू अंग धरायला लागतो. आधी शेंड्यावर हिरव्या गाठी, मग गाठीच्या टोकाला बारीकशी पिवळी चीर, आणि पितृपक्ष सरता सरता अख्खं वावर असं पिवळंधमक होतं, की मखमलाबादच्या रस्त्यानं जाणारे मोटरसायकलवाले गाडी थांबवून बघत राहतात. बघणाऱ्याचं काय जातं? खुडणाऱ्याला विचारा. तोडा सुरू झाला की बोटांची टोकं काळी-हिरवी होतात आणि कितीही साबण लावला तरी तो कडवट वास हाताला धरूनच बसतो. भाकरीचा पहिला घाससुद्धा कडू लागतो. लोकांना त्या वासानं दसरा आठवतो, तोरणं आठवतात, श्रीखंड आठवतं. मला नाशिकरोड स्टेशनचा फलाट आठवतो.

आता हे कायमचे घरी आहेत. फौजेतून पेन्शनीत आले, त्याला दोन हंगाम झाले. ह्यांचं नाव दिनकर. लिहिताना घेता येतं, बोलताना अजून जीभ अडखळते, म्हणून इथंही 'हे'च म्हणते. सकाळी तोड्याला बाया येण्याआधी हे बांधावर उभे असतात. फुलांची कॅरेटं एका रेषेत लागली पाहिजेत, एकही वाकडं नको. मी म्हणते, "अहो, झेंडू आहे तो, त्याला सावधान-विश्राम कशाला?" हे हसत नाहीत. वाकडं कॅरेट पायानं सरळ करतात. हा माणूस रोज समोर दिसतो, चहा मागतो, चष्मा हरवतो, आणि मला मधूनच वाटतं की एके काळी ह्याचा चेहराच मला आठवत नव्हता, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटेल का?

कारगिलची लढाई झाली त्या वर्षीचा तो हंगाम. आमचं लग्न त्याच वर्षी वैशाखात झालं. मी चांदवडकडची, कांद्याच्या घरातली. सासूबाई पहिल्या दिवसापासून म्हणायच्या, "कांद्याची पोरगी फुलांच्या घरात आली, आता हाताचा वास बदलंल." बदलला, पण त्याआधी बरंच काही व्हायचं होतं.

आमच्याकडं नव्या सुनेनं पदर कपाळाच्या खाली ओढायचा आणि थोरल्या माणसांपुढं नजर वर करायची नाही, अशी रीत. माहेरीही ती होतीच, पण लेकीला लागू नसते. सासरी आले आणि माझं जग एकदम गुडघ्याच्या खाली आलं. माणूस मात्र कशालाही सरावतो. थोड्याच दिवसांत मी घरातले पुरुष पायांवरून ओळखायला लागले. मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, टायरच्या चपला आणि टाचांच्या भेगांत बारा महिने काळी माती. थोरले दीर चालताना डाव्या पायावर जोर द्यायचे. शेजारचे तात्या एक पाय दुसऱ्यावर घासत उभे राहायचे. चहा कुणाला द्यायचा ते मी पायांवरून ठरवायचे आणि कधी चुकत नव्हते. उलट मला त्याची जरा घमेंडच होती. ह्यांचे पाय तर पाठ झाले होते. अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब, आणि घोट्याच्या वर बुटाच्या घासणीनं केस गेलेला गोल पट्टा.

चेहरा पाहिला नव्हता असं नाही. बघायला आले तेव्हा पोह्यांच्या बशीवरून चोरून पाहिला. अंतरपाट दूर झाला तेव्हा मुंडावळ्यांच्या आडून पाहिला. नंतर सत्यनारायण, जागरण-गोंधळ, वणीच्या गडावर देवदर्शन, माहेरची परतवणी. घरात पाहुण्यांची ही गर्दी; दिवसा दोघं समोरासमोर आलो तरी मध्ये कुणीतरी थोरलं असायचंच. रात्री लाइट नसायची. बोललो ते अंधारात, हळू आवाजात. मला वाटायचं, घाई काय आहे, दोन महिन्यांची रजा आहे, उन्हाळाभर बघूच की एकमेकांना.

हळद पुरती उतरलीही नव्हती आणि तार आली. रजा रद्द. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुरुष ह्यांना स्टेशनवर पोचवायला निघाले. नव्या नवरीनं पोचवायला जायचं नसतं, ही दुसरी रीत. मी स्वयंपाकघराच्या दारात पदर ओढून उभी. समोरून काळे बूट गेले, उंबऱ्यापाशी थांबले, टोकं माझ्याकडं वळली. तेवढ्यात मामा म्हणाले, "चला रे, गाडी चुकंल." बूट वळले आणि गेले. त्या क्षणी मान वर केली असती तर काय बिघडलं असतं? हा प्रश्न मी त्या उन्हाळ्यात स्वतःला इतक्यांदा विचारला, की शेवटी त्याचा मला राग यायला लागला.

लढाई आम्ही टीव्हीवर पाहिली नाही. पहिले काही दिवस पाहिली, मग एकदा बातम्यांत तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दाखवल्या आणि सासूबाईंनी उठून टीव्हीचं बटणच बंद केलं. "आजपासून हा डबा लावायचा नाय," म्हणाल्या. मामा मग गावात जाऊन पेपर वाचून यायचे आणि घरी आल्यावर कुणाशी बोलायचे नाहीत. ते बोलले नाहीत की आम्ही समजायचो, आज बातमी वाईट आहे. बोलले तर आणखी भीती वाटायची, की मुद्दाम बोलताहेत.

पत्रं यायची मधूनमधून, मामांच्या नावानं. थोरले दीर ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचे. तीर्थरूपांना साष्टांग नमस्कार, मातोश्रींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, पाऊस कसा आहे, रोपं लावली का, घरातील सर्व मंडळींना यथायोग्य. त्या 'सर्व मंडळीं'मध्ये मी होते. वडिलांच्या नावानं आलेल्या पत्रात बायकोला वेगळी ओळ लिहिणं म्हणजे चावडीवर जाऊन ओरडण्यासारखंच. मी भाकरी थापता थापता ऐकायचे आणि 'यथायोग्य' या शब्दात माझ्या वाट्याला किती आलं असेल, याचा विचार करत बसायचे.

त्यात ते अधिकमासाचं साल. लग्नानंतरचा पहिलाच धोंडा. जावयाला बोलवायचं, अनारशांचं वाण द्यायचं, नवे कपडे करायचे, आणि जावई तिकडं बर्फात. माझे वडील तरीही चांदवडहून डबा घेऊन आले. "आईनं केलेत. रीत मोडायची नाही म्हणाली," एवढंच बोलले. आमच्या जाऊबाईंनी, थोरल्या दिरांच्या मंडळींनी, चांगल्या मनानं डब्यातले अनारसे ताटलीत काढले आणि ह्यांच्या भिंतीवरच्या फोटोखाली स्टुलावर ठेवले. सासूबाई आतून आल्या, ताटली बघितली आणि झडप घालून उचलली. "फोटोपुढं निवद कुणाला दाखवतात, माहीत नाय का तुला?" जाऊबाईंचा चेहरा पडला. अनारसे सासूबाईंनी देवापुढं ठेवले आणि मग सगळ्यांना जबरदस्तीनं खायला लावले, एकसुद्धा उरू दिला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी एकटी असताना तो फोटो जवळून बघितला. टोपी घातलेला फौजी फोटो, सगळ्या फौजींचा असतो तसा; नाक आहे, मिशी आहे, डोळे कॅमेऱ्याकडं. मी डोळे मिटले आणि ह्यांचा खरा चेहरा आठवायला गेले, तर तो फोटोच आठवला. परत प्रयत्न केला. मुंडावळ्या आठवल्या. लग्नाच्या अल्बममध्येही तेच, जिथं तिथं मुंडावळ्या, फेटा, खाली घातलेली मान. ज्या माणसासाठी मी रोज दिवा लावत होते, त्याचा चेहरा माझ्या मनातून वाळूसारखा निसटून गेला होता.

ही गोष्ट सांगणार कुणाला? नवरा लढाईवर आणि बायकोला त्याचं तोंड आठवत नाही, हे ऐकून लोक काय म्हणतील? शेवटी न राहवून जाऊबाईंना सांगितलं. दोघी झेंडूची रोपं लावत होतो. त्या वाकलेल्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "त्यात काय एवढं? माझं दहा वर्षांचं लगीन. हे बाजाराला गेले की मलाबी आठवत नाय. आठवून करायचंय काय, संध्याकाळी येतंच की तोंड समोर." मला हसू आलं. पण त्यांच्या माणसाचं तोंड संध्याकाळी समोर येत होतं. माझी अडचण तीच तर होती. ह्यांचं तोंड समोर न येण्याची भीती मला होतीच. पण आलं आणि मी ओळखलं नाही तर, ही भीती त्याहून जास्त छळत होती. तो माणूस एवढ्या मरणातून माझ्याकडं चालत येणार आणि मी त्याच्याकडं परक्यासारखी बघणार. याहून मोठा अपमान दुसरा नसेल, असं मला तेव्हा वाटायचं.

लढाई थांबली. गावात पेढे वाटले गेले. लढाई थांबली म्हणजे माणूस दुसऱ्या दिवशी घरी येतो, अशी माझी भोळी समजूत होती. आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती बसले, उठले. आमच्यापासून लांबच्या एका गावात एक जण आला तो पेटीतून आला. मामा आणि थोरले दीर तिथं जाऊन आले. परत आल्यावर मामांनी आंघोळ केली आणि वावरात जाऊन बसले. त्याचीही बायको नवीच होती असं जाऊबाईंच्या कानावर आलं, पण त्यांनी मला ते वर्षभरानंतर सांगितलं.

नवरात्रात फोन आला. आमच्या घरी फोन नव्हता, तात्यांच्या बंगल्यावरचा पी.पी. नंबर दिलेला होता. सगळं घर धावत तिकडं गेलं. मामा फोनमध्ये असे ओरडत होते, जणू तार तोडून आवाज काश्मीरला पोचवायचाय. "हां. हां. मनमाडला बदलणार ना? हां." मग सासूबाई. त्या फक्त रडल्या. मग कुणीतरी रिसीव्हर माझ्या हातात दिला. खोलीत निदान पंधरा माणसं, सगळी माझ्याकडं बघत.

"बरी हायेस का?" तिकडून आवाज आला.

"हो," मी म्हणाले. आणि लाइन कटली.

अष्टमीला दुपारच्या गाडीनं येणार होते. सासूबाईंचे नवरात्राचे उपास, त्यात ह्यांच्यासाठी बोललेला नवस म्हणून नऊ दिवस अनवाणी. तरी त्या दिवशी पहाटेपासून त्यांना हुरूप आला होता. आमच्या घराचा एक नियम होता. पहिल्या प्रतीचं फूल घरात ठेवायचं नाही. मोठं, घट्ट, एकसारखं फूल बाजारात जायचं. घरच्या देवालासुद्धा दुय्यम, चुरगळलेलं. दसऱ्याच्या आदल्या दिवसांत तर विचारूच नका, तेव्हाचं फूल म्हणजे वर्षाचं पीक. आणि सासूबाई मला म्हणाल्या, "जा, चांगल्यातली चांगली फुलं खुड. हार तूच कर."

मी दाभण आणि दोरा घेऊन अंगणात बसले. चांदवडच्या पोरीला हार करता येतो कुठं? पण त्या पावसाळ्यात शिकले होते. फूल देठाकडून टोचायचं, दोरा ओढायचा, फुलं एकमेकांना चिकटतील इतकंच दाबायचं, जास्त दाबलं तर पाकळ्या फुटतात. मधेमधे आंब्याची पानं घातली. हार इतका जड झाला की दोन्ही हातांनी धरावा लागला. त्या सगळ्या महिन्यांत मला त्यांना जे लिहिता आलं नव्हतं, ते सगळं मी त्या हारात ओवलं, असं आता म्हणता येईल. तेव्हा मनात एकच होतं, की देवा, ओळखू येऊ दे.

फुलांच्या टेम्पोत बसून सगळी वरात नाशिकरोडला निघाली. पुरुष पुढं, बायका मागं रिकाम्या कॅरेटांवर, तरुण मंडळाची पोरं वर टपावर. रस्ताभर वणीला पायी जाणारे लोक, खांद्यावर कावडी, हातात भगवे झेंडे. स्टेशनवरही तीच गर्दी. देवळालीमुळं त्या फलाटाला फौजी नवे नाहीत; ट्रंका, होल्डॉल, हिरवे कपडे रोजचेच. पण त्या दिवशी प्रत्येक हिरव्या कपड्यासरशी मी हार सावरून धरायचे. सासूबाईंनी औक्षणाचं ताट धरलं होतं, पदराच्या शेवाला चतकोर भाकरी बांधलेली, ओवाळून टाकायला. वाऱ्यानं निरांजन सारखं विझत होतं आणि त्या सारख्या काडी ओढत होत्या. मी त्यांच्या मागं, पदर ओढून, हार दोन्ही हातांवर घेऊन.

गाडी आली. गर्दी एकदम पुढं सरकली. मंडळाच्या पोरांनी घोषणा सुरू केल्या. चार-पाच डब्यांतून फौजी उतरत होते. आमचेच मामा आणि दीर कुठल्या डब्याकडं धावले ते मला दिसलं नाही, कारण मला दिसत होते ते फक्त पाय. शेकडो पाय. निरांजन पुन्हा विझलं. सासूबाई काडी ओढता ओढता मागं न बघता म्हणाल्या, "आला, आला बघ. हार घाल गं आधी."

आणि माझ्यासमोर काळ्या बुटांची एक जोडी येऊन थांबली.

बुटांच्या आत बोटं दिसत नाहीत, एवढं साधं मला तोवर सुचलं नव्हतं. घरात पाय पाठ करून बसले होते मी, आणि फौजेनं सगळ्या पायांना एकच चेहरा देऊन ठेवला होता. पण तेव्हा एवढा विचार करायला वेळ कुठं होता. बूट थांबले, म्हणजे हेच. मी दोन्ही हात वर केले. समोरच्याची मान खाली आली. हार वर आला की मान आपोआप खाली जातेच. मी हार घातला आणि पदराच्या आत माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

जाऊबाईंनी दंडाला जोरात चिमटा काढला. "अगं, हा कोण?"

मी मान वर केली. समोर एक कोवळा, काळासावळा, गालफडं बसलेला फौजी उभा. गर्दीमुळं त्याला पुढं जाता येईना म्हणून तो माझ्यासमोर थांबला होता, एवढंच. गळ्यात माझा हार. तो इतका गोंधळला होता की हातातली ट्रंक खाली ठेवायचंही त्याला सुचत नव्हतं. आणि त्याच्या मागून, हातभर अंतरावरून, आवाज आला, "आई."

तो आवाज मी ओळखला. पण तेव्हा आवाज ओळखून काय उपयोग?

भोवती कुणीतरी फिसकन हसलं. भर फलाटावर, सासू-सासऱ्यांच्या देखत, नव्या सुनेनं परपुरुषाच्या गळ्यात हार घातला होता. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तो फौजी हार काढायला लागला. "चुकून झालं ताई, घ्या, घ्या तुमचा हार."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. निरांजन एकदाचं लागलं होतं. त्यांनी एकदा लेकाकडं बघितलं, डोळे भरून, आणि मग त्या पोराकडं वळल्या. "काढू नको. गळ्यात पडलेला हार उतरवून दुसऱ्याला घालत नायत. आम्ही फुलंवाली माणसं, आम्हाला इचार. कुठला तू?"

"पेठच्या पल्याडचा. डोंगरात हाय आमचा पाडा."

"तुझं कोणी आलं नाय घ्यायला?"

"कळवलं नाय आई. कळवू कसं? पत्र जाईस्तोवर मीच पोचलो असतो."

सासूबाईंनी पदराची गाठ सोडली, चतकोर भाकरीचे दोन तुकडे केले. एक ह्यांच्यावरून ओवाळला, एक त्याच्यावरून. दोन्ही रुळांच्या बाजूला टाकले. दोघांच्याही कपाळाला कुंकू लावलं, दोघांच्याही डोळ्यांना पाण्याचं बोट लावलं. त्या पोराच्या गालावरून हात फिरवून त्यांनी आपल्या कानशिलावर बोटं मोडली, आणि तो ट्रंक हातात घेऊनच रडायला लागला. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. सासूबाई म्हणाल्या, "रड. काय होत नाय. आईपुढं रडायला काय लागतंय?"

ह्यांच्या गळ्यात मग मंडळाच्या पोरांनी आणलेला हार पडला, स्टेशनबाहेरच्या टपरीवरून घेतलेला. जाऊबाईंनी लांबूनच बघून नाक मुरडलं, "शिळी फुलं हायेत." झेंडूवाल्याच्या पोराला बाजारातला शिळा हार, आणि पहिल्या प्रतीचा पेठच्या वाटेला.

त्या पोराचं नाव काशिनाथ. त्या दिवशी त्याला टेम्पोतून पेठ नाक्यापर्यंत सोडलं. टेम्पोत बसायच्या आधी मंडळातला एक चावट पोरगा म्हणालाच, "वहिनींनी स्वयंवर मांडलं की." सासूबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की पुढचे दोन कोस तो बोलला नाही. मग काशिनाथला म्हणाल्या, "हिला पाठचा भाऊ नाय. दिवाळीत रजा असली तर भाऊबीजेला ये. नसली तर पुढल्या वर्षी ये. पण ये." झालं. हाराचा सगळा गुंता त्यांनी एका वाक्यात सोडवून टाकला. काशिनाथ खरोखरच आला, त्याच दिवाळीला, पाठीवर नागलीची, म्हणजे नाचणीची, पिशवी घेऊन. तेव्हापासून जेव्हा रजा मिळेल तेव्हा येत राहिला. गेल्या वर्षी आला तो पोराबाळांसकट. माझी पोरं त्याला मामा म्हणतात, आणि हा मामा कसा मिळाला ते त्यांना त्यांच्या आजीनं इतक्यांदा रंगवून सांगितलंय, की त्यांच्या गोष्टीत आता बँडही वाजतो.

लोक हसून सांगतात, मीही हसते. पण त्या दिवशी टेम्पोत मागं बसलेली मी हसत नव्हते. पुढं केबिनमध्ये हे, मामा आणि दीर, मधे पत्रा. स्टेशनवर हे माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. बोलणार कसे, चारचौघांत बोलायची रीतच नव्हती. पण माझ्या मनाला तेवढं पुरेना. मी त्यांना ओळखलं नव्हतं. सगळ्या उन्हाळ्यात जिची भीती धरली होती, ती गोष्ट मी सगळ्या गावासमोर, हार घालून, करून दाखवली होती. रागावले असतील का? की वाटलं असेल, ज्या घराच्या ओढीनं जीव सांभाळला तिथं आपली आठवणसुद्धा कुणी ठेवली नाही? रागाचं काही वाटलं नसतं. दुसरं मात्र मला सहन झालं नसतं.

घरी आल्यावर गाव लोटलं. चहाची पातेल्यांमागून पातेली. ऊन उतरल्यावर माणसं पांगली, आणि मी उरलेली फुलं निवडायचं निमित्त करून वावराच्या कडेला जाऊन बसले. दसरा तोंडावर आलेला, काम तर होतंच. बऱ्याच वेळानं पलीकडच्या सरीत पावलं वाजली. मी बघितलं. अनवाणी पाय. ते मी कुठंही ओळखले असते.

हे येऊन समोर पालथ्या कॅरेटवर बसले. भोवती कमरेएवढा झेंडू, आणि आसपास कुणी थोरलं नव्हतं. तरीही माझी मान खालीच. मीच बोलले, "चुकलं माझं. तोंड आठवत नव्हतं मला तुमचं. खूप आठवलं, पण नाही आलं."

हे म्हणाले, "पदर जरा वर घे. मलाबी बघू दे."

मी पदर मागं सारला. वैशाखात लग्न झालं होतं आमचं, आणि उजेडात, कुणी मधे नसताना, आम्ही एकमेकांना बघत होतो ते आत्ता. खंगले होते. कपाळावर उन्हानं भाजल्याचे डाग. मिशी फोटोतल्यापेक्षा बारीक. ते माझ्याकडं इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, काही चुकलंय.

"वरती पोरं इचारायची," हे म्हणाले, "नवं लगीन झालंय, बायको कशी हाय सांग. मला तर काय आठवंना. आता आठवत नाय म्हणायचं कसं? मग सांगितलं, घाऱ्या डोळ्यांची हाय म्हणून. एकदा सांगितलं, मग रोज सांगायला लागलो. सगळी चिडवायची मला, घारीवाला, घारीवाला म्हणून."

"माझे काळे आहेत," मी म्हणाले.

"हां. आता दिसलं." हे हसले, आणि हसता हसता थांबले. समोरचं एक फूल उगाच खुडलं, हातात फिरवत राहिले. "त्यातली दोघं आली नायत खाली. त्यांना घारेच माहीत राहिले."

आणि मग, गाडीतून उतरल्यापासून पहिल्यांदाच, हे रडले. मी उठून जवळ जाऊन बसले. घराकडून जाऊबाई दोनदा हाका मारून गेल्या, तरी मी पदर पुढं ओढला नाही.